मजुरीचा प्रश्न

नोकरी सोडली असं सांगितलं की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "काही भानगड नाही ना?" २०१८ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका खासगी विमा कंपनीतली एरिया मॅनेजरची नोकरी सोडून मी मातीकाम सुरू केलं, तेव्हा हे दोन्ही प्रश्न मला भोपाळात आणि बेळगावात सारखेच विचारले गेले. आईनं मात्र वेगळंच सुनावलं. तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं. "कुंभारांची पोरं शिकून सायब व्हायलेत, आणि तू सायबाचा कुंभार व्हायलास व्हय रे?"

खानापूरची माती, तिथली कौलं नि मडकी यांची ओळख आपल्या भागातल्या वाचकांना करून द्यायला नको. खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच आहे. आजोळी गेलो की मी तासन्‌तास चाकापाशी बसायचो. पण ती झाली सुट्टीतली गंमत. पुढे बी.कॉम. झालो, विम्याच्या धंद्यात शिरलो आणि २००६ मध्ये बदलीवर भोपाळला आलो.

इथं मोठ्या तलावाच्या काठी, उतारावर भारत भवन आहे. चार्ल्स कोरिया यांनी त्याची रचना केली आणि १३ फेब्रुवारी १९८२ रोजी ते सुरू झालं. रस्त्यावरून इमारत फारशी दिसतच नाही. पायऱ्या उतरत, एकेक अंगण ओलांडत खाली जावं, तेव्हा तलाव समोर येतो. तिथं मातीकामाची कार्यशाळा आहे, भट्टी आहे. मुलीला एक बालनाट्य दाखवायला नेलं होतं, ते संपल्यावर आम्ही सहज तिकडे वळलो. नंतर माझे रविवार तिथंच जाऊ लागले. सोमवार ते शनिवार टार्गेट आणि रविवारी माती, असं दहा वर्षं चाललं. महिनाअखेरीला पोटात गोळा यायचा, तो रविवारी थोडा विरघळायचा.

भारत भवनाशी जोडलेली एक हकीकत भोपाळात बहुतेकांना माहीत आहे. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या भूरीबाई या भिल्ल बाई तरुणपणी मजुरीसाठी भोपाळला आल्या आणि याच इमारतीच्या बांधकामावर राबू लागल्या. चित्रकार जगदीश स्वामिनाथन तेव्हा इथल्या कलासंग्रहाचं काम उभं करत होते. गावाकडे भिंतीवर काढता तशी चित्रं कागदावर काढून दाखवा, असं त्यांनी मजूर बायकांना म्हटलं. भूरीबाईंचा पहिला प्रश्न होता : आम्ही चित्रं काढत बसलो तर मजुरी कोण देणार? रोज तेव्हा सहा रुपये होता, असं त्या सांगत आल्या आहेत. चित्रांचे त्याहून जास्त मिळतील, हे ऐकल्यावर त्यांनी ब्रश हाती घेतला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. भोपाळच्या आदिवासी संग्रहालयात, एका लांबलचक भिंतीवर, त्यांनी आपलं सगळं आयुष्य रंगवून ठेवलं आहे. पाहुणे आले की मी त्यांना ती भिंत दाखवायला नेतो.

मला त्या पद्मश्रीपेक्षा तो प्रश्न मोठा वाटतो. आमच्यासारख्या पगारदारांच्या 'धाडसा'च्या गोष्टींत तो कुणी विचारतच नाही. राजीनामा दिला, आवड जपली, आनंद मिळाला... की गोष्ट संपली! धारवाडात शिकलेले गिरीश कर्नाड १९७० मध्ये मद्रासच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमधली सात वर्षांची नोकरी सोडून लेखनाकडे वळले. हे सगळे सांगतात. पण १९७० ते ७२ त्यांना होमी भाभा शिष्यवृत्ती होती आणि 'ययाति', 'तुघलक' ही नाटकं त्याआधीच लिहून झाली होती, हे कितीजण सांगतात? डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये नाक-कान-घशाची प्रॅक्टिस सोडली, तीसुद्धा रंगभूमीवर वर्षानुवर्षं घासून झाल्यावर. यात त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उडी मारण्याआधी त्यांनी पाण्याचा अंदाज घेतला होता, एवढंच.

माझ्या घरी हा प्रश्न बायकोनं विचारला. ती शाळेत गणित शिकवते. राजीनाम्याआधी सहा महिने तिनं एक वही केली. घराचा हप्ता, मुलीची फी, आईची औषधं, माझ्या चहा-सिगारेटसुद्धा. (सिगारेट त्याच वहीमुळे सुटली.) हिशेब मांडून ती म्हणाली, "तीन वर्षं माझ्या पगारात निघतील. चौथ्या वर्षी काय ते तुम्ही सांगायचं." दुसरं वर्ष सरतं न सरतं तोच २०२० आलं. प्रदर्शनं बंद, दुकानं बंद. तिचा ऑनलाइन वर्ग एका खोलीत चालायचा आणि दुसऱ्या खोलीत माझी न विकलेली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेली असायची. लोक मला धाडसी म्हणायचे. पगार तिचा चालू होता, तिला कुणी काही म्हणायचं नाही.

आनंदाचं विचाराल तर सांगतो. या कामाचा बराचसा भाग माती चाळणं, मळणं आणि वाट बघणं यातच जातो. पावसाळ्यात भांडं वाळता वाळत नाही. आतून ओलं राहिलं तर भट्टीत फुटतं आणि शेजारच्या चार भांड्यांना घेऊन जातं. माझी भांडी दोनदा भाजावी लागतात. आधी साधारण साडेनऊशे अंशांपर्यंत, मग झिलई चढवून बाराशेच्या वर. भट्टी विझवली तरी दार लगेच उघडायचं नाही, गार हवा लागून भांडी तडकतात. थांबायचं. विक्रीच्या धंद्यात मी माणसांना घाई करायला शिकवत असे. इथं मला कुणी घाई करू शकत नाही, हा आनंद मात्र खरा.

सध्या मी कप, बरण्या, दह्याची सटं करतो. भोपाळातली मराठी घरं गणपतीच्या आधी बऱ्यापैकी खरेदी करतात, घासाघीसही तितकीच करतात. "मातीचंच तर आहे, कमी करा की भाऊ!" माती, झिलई, गॅस असे रकाने वहीत आहेतच. दोन वर्षांपूर्वी बायकोनं त्यात आणखी एक वाढवला, 'मजुरी' म्हणून. तो भरल्याशिवाय कपाची किंमत ठरवायची नाही, असा तिचा हुकूम. पहिल्या महिन्यात तिथं नऊशे रुपये होते. गेल्या महिन्यात अकरा हजार चारशे झाले. या महिन्याचा आकडा अजून लिहिलेला नाही, कारण भट्टी उद्या सकाळी उघडायची आहे.