कारणाशिवायचा प्रवास

आपल्या घरांत प्रवासाला कारण लागते. लग्न, मयत, जियारत, दवाखाना, नाहीतर मुलांची परीक्षा. नुसते पाहायला म्हणून कोणी निघाले की नातेवाइकांच्या भुवया वर जातात. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काश्मीरला जायचे ठरवले, तेव्हा एका मामूंनी सांगून टाकले, "हेच पैसे उमऱ्याला ठेवा." इतरांची काळजी वेगळी होती. त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगामजवळ बैसरनला २६ माणसे मारली गेली होती. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहाजण. काळजी खोटी नव्हती. पण त्याच २६ जणांत पर्यटकांना वाचवायला धावलेला एक स्थानिक घोडेवालाही होता, हे आम्ही विसरलो नव्हतो. उमऱ्याचे पैसे वेगळे साठत आहेत, इन्शाअल्लाह तेही होईल. आम्ही दोघे, दोन मुली आणि सत्तरीच्या अम्मी, असे पाचजण निघालो.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. भोवती पर्वतांची भिंत, मधून झेलम, आणि तळी किती! डल, नगीन, मानसबल, पुढे झेलम ज्यात येऊन मिळते ते वुलर. सोनमर्गहून विशनसर, गडसर, गंगाबल अशी वरच्या तळ्यांची पायवाट आहे. पण ती उन्हाळा-पावसाळ्यातली. आम्ही गेलो तेव्हा चिनार लाल झाले होते. थोरलीने तळ्यांची नावे वहीत लिहून घेतली आहेत.

डल हे फोटोतले तळे वाटते. पहाटे शिकाऱ्यातून निघालो तेव्हा कळले, की ते एक चालते गाव आहे. होड्यांवरच भाजीबाजार भरतो आणि ऊन वर येईपर्यंत मोडतोही. गवत आणि पाणवनस्पतींचे थर रचून पाण्यावर वाफे करतात, त्यांना राद म्हणतात. असा मळा ओढून दुसरीकडे नेता येतो, चोरीलाही जाऊ शकतो! मुलींना हे फार आवडले. लांब काठीने तळातून नदरू, म्हणजे कमळाचे देठ, काढणारी माणसे थंडगार पाण्यावर तासन्‌तास उभी होती. अम्मींनी नावाड्याला पहिला प्रश्न केला, "इत्ते लोगां रहते, गंदा पानी किदर जाता?" तो हसला नाही. शहराचे सांडपाणी तळ्यात येते, त्याने वेली माजतात, त्या काढायला यंत्रे फिरतात, असे त्याने सरळ सांगितले. एप्रिलनंतर कित्येक दिवस शिकारा जागचा हलला नव्हता, हेही सांगितले. त्या दिवशी आम्ही घासाघीस केली नाही.

पण या प्रवासातली मोठी गोष्ट तळ्याकाठी नाही, रस्त्यावर घडली.

अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकल्या. मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर त्यांना आजही कोणाला तरी विचारावे लागते, "बेटा, ही गाडी कुठली?" काश्मीरमध्ये १८८९ पासून उर्दू राज्यकारभाराची भाषा आहे. लोक घरात काश्मिरी बोलतात, पण पाट्या उर्दूत दिसतात. लाल चौकातून जाताना अम्मी एकेक पाटी मोठ्याने वाचू लागल्या. औषधांचे दुकान, शाळा, पोलीस चौकी. आमच्या मुली मराठी माध्यमातल्या. त्यांना इंग्रजी नसलेली पाटी आली की त्या विचारत, "दादी, इथे काय लिहिलंय?" हजरतबलला गेलो तेव्हा बस कुठली, उतरायचे कुठे, हे सगळे अम्मींनीच पाहिले. पुढे त्या, मागे आम्ही. इतक्या वर्षांत त्यांना असे चालताना आम्ही पाहिले नव्हते.

आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. अक्षर ओळखणारा माणूस रस्त्यावर कसा ताठ चालतो, हे मुलांना नेहमी सांगतो. घरातल्याच माणसाच्या बाबतीत ते पाहायला एवढे लांब जावे लागले.

पृथ्वीवर फिरा आणि पाहा, ही ताकीद कुरआनात पुन्हापुन्हा येते. तेव्हा फिरणे म्हणजे उधळपट्टी, हा हिशेब जरा तपासून पाहावा. ऐपतीप्रमाणे जावे, काश्मीर नाही तर जवळचा एखादा घाट. मात्र घरातल्या वडीलधाऱ्या बाईला मागे ठेवून जाऊ नये.

आता इशानंतर अर्धा तास दादीची शाळा भरते. थोरली जोडाक्षरांपर्यंत पोचली आहे, धाकटी अजून 'काफ' आणि 'गाफ'मध्ये अडखळते. आणि अम्मींनी स्वतःसाठी मराठीची अंकलिपी मागवून घेतली आहे.