दाराशी पडलेला लाजरस

आज बऱ्हाणपुरात तापीकाठी शाही किल्ल्याच्या तटाखाली बसलो असता लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील तो धनिक मनात आला, ज्याने कुणास लुटले वा गांजले असे तेथे कोठेही म्हटलेले नाही, केवळ आपल्या दाराशी फोडांनी भरून पडलेल्या लाजरसाची त्याने दखल घेतली नाही, आणि तेवढ्यासाठी तो यातनांचा धनी झाला. ख्रिस्ताने नाव दिले ते भिकाऱ्याला; धनिक अनामच राहिला, हे मला फार मोलाचे वाटते.

तो धनिक इथेच आठवला, कारण १६३० च्या भीषण दुष्काळात शहाजहानचा मुक्काम याच बऱ्हाणपुरात होता. त्याने लंगर उघडले, महसुलात सूट दिली, हे खरेच. परंतु खैरातीने उपेक्षेचे क्षालन होते, असे मला वाटत नाही. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेहून इकडे आला, तेव्हा वाटेवर प्रेते पडलेली होती, आणि माळव्याचे धान्य शाही लष्कराच्या रसदेसाठी येत होते.