सौंसरच्या वाटेवरील ऑर्गन

नागपूरहून सौंसरमार्गे पांढुर्ण्यास जाताना संत्र्यांच्या बागा डोळे निववितात. २०२३ साली या दोन तहसिलींचा निराळा जिल्हा झाला. कानी मात्र मराठीच पडते. या प्रवासात कोणते वाद्य बरोबर न्यावे, याचा आम्हांस विचार पडला. फिरत्या दातेरी चकत्यांतून उमटणारा हॅमंड ऑर्गनचा भारदस्त स्वर हवा. पण १९३५ सालापासूनचे ते लाकडी धूड बसमध्ये चढविणार कोण? यामाहाचे २०१५ सालचे ‘रेफेस वायसी’ दोन किलोंच्याही आत भरते व सहा लहान बॅटऱ्यांवर चालते. त्याच्या नऊ सरकत्या खुंट्यांनी तो जुना स्वर हवा तसा घडविता येतो. पट्ट्या मात्र ३७च, त्याही बारीक; दोन्ही हातांची दाटी होते. पाच सप्तकांची वाद्ये ऐसपैस खरी, परंतु त्यांस बहुधा भिंतीतली वीज लागते, आणि ती ऐन गीताच्या वेळी जाते! आम्ही लहानासच पसंती दिली. खर्ज पुरुषमंडळींनी सांभाळावा.