समुद्राची निशाणी समुद्रातच बरी

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. आम्हा नगरकरांचं पाणी म्हणजे मुळा, प्रवरा आणि उन्हाळ्यात टँकर. म्हणूनच की काय, समुद्रावरून आलेल्या वस्तूचं आम्हाला भारी अप्रूप. ओळखीच्या घरांत काचेचं कपाट बघा. लग्नात मिळालेल्या डिनर सेटशेजारी एखादा शंख, शिंपल्यांची बाहुली आणि कुठे कुठे एक पांढरा, भोकाभोकांचा, खरखरीत दगड दिसेल. 'मालवणहून आणलाय,' असं कौतुकाने सांगितलं जातं.

तो दगड नाही. तो प्रवाळाचा सांगाडा आहे, आणि प्रवाळ हा प्राणी आहे. हजारो चिमुकले जीव एकमेकांना चिकटून राहतात, अंगाखाली चुना साठवत जातात आणि त्यांच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्यांना अन्न पुरवतं. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतं. म्हणजे मुठीएवढा तुकडा व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि तोडायला एक मिनिट. त्या कपारींत मासे लपतात, त्यांची पिल्लं वाढतात. तोडणारा तुकडा नेतो, घर मात्र माशांचं जातं.

आपल्या राज्यात हे सगळ्यात जवळून दिसतं ते मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. पुढे २००१ मध्ये खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघ जिथे आहे, तिथेच. शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद आणि दंड. वाघाचं कातडं दिवाणखान्यात लावायला आज कोणी धजावणार नाही. प्रवाळ मात्र कपाटात बिनधास्त मिरवतं, कारण त्याला डोळे नाहीत आणि ते ओरडत नाही.

माझ्या खालाच्या दारावर मागच्या वर्षी एक फ्रेम लागली. काळ्या, बारीक फांद्यांची जाळी, काचेत बंद. 'इंद्रजाल आहे, समुद्रातली जडीबुटी. नजर लागत नाही,' ती म्हणाली. एका जत्रेत रस्त्यावर बसलेल्या पोराकडून घेतलेलं. मी तिला कायद्याचं कलम सांगितलं, ती चहा ओतत राहिली. मग म्हटलं, 'खाला, ही वनस्पती नाही. समुद्रातला प्राणी आहे, त्याचा हा सांगाडा.' किटली खाली ठेवून ती म्हणाली, 'म्हणजे मी मेलेलं जनावर दारावर टांगलंय?' फ्रेम त्याच संध्याकाळी उतरली.

पण पुढची गोष्ट इतकी सोपी नव्हती. फ्रेम वनखात्याकडे द्यायची ठरल्यावर खालाने बजावलं, 'माझं नाव सांग, पण त्या पोराचा ठावठिकाणा सांगणार नाही. त्याला काय ठाऊक? त्याने दहा रुपये कमवायला आणलं असेल.' मी म्हणालो, पोराला सोडलं तर उद्या तो दुसऱ्या कुणाला विकेल. ती म्हणाली, 'मग घेणाऱ्यांना समजाव. घेणारं नसेल तर आणील कोण?' यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कायदा विकणाऱ्यालाही लागतो आणि लागलाच पाहिजे. पण जाळ्यात सापडतो तो जत्रेतला पोरगा, किनाऱ्यावर माल उचलणारा मोठा व्यापारी क्वचितच. या साखळीत आपल्या हातात असलेली कडी एकच, गिऱ्हाईकाची.

'कपाटात एक तुकडा ठेवल्याने काय बिघडतं?' हा प्रश्न हमखास येतो. किनाऱ्यावर हजारो माणसं येतात आणि प्रत्येकाचा एकच तुकडा असतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर लोक बाटल्या भरभरून वाळू नेऊ लागले, तेव्हा २०१७ मध्ये कायदा करून वाळू आणि शिंपले नेण्यावर तीन हजार युरोपर्यंत दंड ठेवावा लागला. आणि वाळूत पडलेला रिकामा शंखही वाया गेलेला नसतो. उघड्या पाठीचा खेकडा त्यात घर करतो.

आम्हा मुसलमानांना हे समजायला खरं तर कठीण जाऊ नये. मक्केच्या हरमच्या हद्दीत झाड तोडायचं नाही, शिकारीला हुसकवायचंही नाही, हे गावातला प्रत्येक हाजी शिकून जातो. तरी तो रिकाम्या हाताने परतत नाही. झमझमचं पाणी, खजूर, तसबीह आणतो, घराघरांत वाटतो. त्याने हरम ओरबाडलेलं नसतं, तरी तबर्रुक आलेलं असतं. निशाणी आणणं वाईट नाही, जागेचा लचका आणणं वाईट.

आपल्याच जिल्ह्यात बघा. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात आणि गाड्यांच्या रांगा लागतात. तिथे कोणी काजवे बाटलीत भरताना दिसला, तर आपल्याला राग येतो. जोडीदाराला दिलेला तो इशारा आहे, खेळणं नाही, हे आपण त्याला ऐकवतो. तोच राग तारकर्लीला जाताना सोबत घेऊन जायला हवा.

मुलांना काही आणायचंच असेल तर सावंतवाडीची लाकडी खेळणी आणा, गंजिफा आणा. गंजिफा हा खेळ फारसी मुलखातून आला आणि कोकणातल्या चितारांनी तो आपलासा केला. त्यापेक्षा सुंदर निशाणी कोणती? आमसुलं आणा, मालवणी खाजं आणा. प्रवाळ किंवा इंद्रजाल विकताना दिसलं तर घेऊ नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरात जुना तुकडा असेल तर तो विकू नका, कुणाला भेटही देऊ नका, वनखात्याशी बोला. आणि शाळेची सहल समुद्राकडे निघाली की पोरांना डबा, टोपी, पाण्याची बाटली यांच्यासोबत एवढं एक वाक्य बांधून द्या: बघ, मोज, चित्र काढ, पण उचलू नकोस.