गरिबाच्या चुलीचा खर्च

अन्नाची महती सर्वांनीं गाइली आहे. परंतु तें अन्न ज्या अग्नीवर शिजतें, त्याच्या खर्चाविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. घरांत पीठ आहे, मीठ आहे, परसांतली भाजीही निवडून झाली आहे, पण चुलींत घालावयास कांहीं नाहीं, हा प्रसंग ज्या घरांनीं अनुभविला असेल त्यांना आमच्या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाहीं. आमचें बहुतेक आयुष्य अमरावतींत गेलें आणि सुटीचे दिवस अकोल्याकडील आप्तांच्या गांवीं गेले. या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ चुलींजवळ आम्ही पाट मांडून जेवलों आहों. त्या चुलींविषयीं मनांत सांचलेलें कांहीं येथें लिहावें असा विचार आहे.

वऱ्हाड हा कापसाचा देश. कापूस वेचून झाला कीं शेतांत उभी राहते ती वाळलेली पऱ्हाटी. ही काडी कठीण असते, चटकन् पेट घेते आणि भाकरी भाजण्यापुरता चांगला जाळ देते. पूर्वीं उन्हाळा लागला म्हणजे पऱ्हाट्यांनीं लादलेल्या बैलगाड्या गांवाकडे येत आणि घरोघर कुडाला लागून त्यांचे ढीग रचिले जात. ज्याला शेत नसे असा मजूरही मालकाच्या शेतांतील पऱ्हाटी उपटून देई आणि मोबदल्यांत तीच काडी घरीं नेई. तिच्या जोडीला तुराट्या असत, आणि गोठ्यांतील शेणाच्या गवऱ्या असत. या तीन वस्तूंवर वऱ्हाडच्या खेड्यांनीं कित्येक पिढ्या स्वयंपाक केला. हें सारें इंधन फुकट मिळे असें म्हणण्याची एक रीत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. ज्या बाईनें भर उन्हांत तो भारा डोक्यावरून वाहिला, गवऱ्या थापतांना जिची कंबर मोडली आणि फुंकणीनें फुंकतां फुंकतां जिचे डोळे लाल झाले, तिला तें फुकट होतें काय, हें विचारावयास कोणी गेलें नाहीं, इतकेंच. तथापि त्या इंधनाचा एक गुण मात्र निर्विवाद होता. त्यासाठीं एके दिवशीं हातांत रोकड मोजावी लागत नसे.

हा आधार हळूहळू कसा सुटत गेला तें पाहण्यासारखें आहे. गेल्या तीन-चार दशकांत कापसाच्या बऱ्याचशा क्षेत्रांत सोयाबीन आलें. सोयाबीन मळून झाल्यावर जें उरतें तें कुटार. तें गुरांपुढें टाकितां येतें, पण चुलींत भरल्यास क्षणांत भुर्रकन् जळून जातें. ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले, आणि बैलांबरोबर शेणही कमी झालें. उरलेल्या पऱ्हाटीवर आणखी एक संकट आलें. सन २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील कपाशीवर गुलाबी बोंडअळीनें जो हल्ला केला तो शेतकरी विसरलेले नाहींत. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी निजून राहते आणि पुढच्या हंगामांत पतंग होऊन बाहेर पडते. म्हणून फरदड घेऊं नये, हंगाम संपतांच पऱ्हाटीचा नायनाट करावा, तिचे ढीग घराजवळ किंवा बांधावर रचून ठेवूं नयेत, असा उपदेश कृषिशास्त्रज्ञ करितात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचें कार्यक्षेत्र हाच मुलूख होय. उपदेश शास्त्रशुद्ध आहे. त्यांत दोष काढण्याचें आमचें धाडस नाहीं. पण ज्या ढिगांत शास्त्रज्ञास अळी दिसते, त्याच ढिगांत मजुराच्या बायकोस पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या भाकरी दिसतात, हेंही तितकेंच खरें आहे. आतां पुष्कळ शेतांतून यंत्रानें पऱ्हाटीचा चुरा करून ती मातींत मिसळितात. जमिनीस तें हितकारक आहे; चुलीचें काय, हा प्रश्न यंत्रास कोणी विचारीत नाहीं.

मेळघाटांतील कोरकू भगिनींची अडचण निराळी. धारणी व चिखलदरा या तालुक्यांत वन आहे, परंतु त्यांतील मोठा भाग १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्पाच्या बंधनांत आहे. डोळ्यांसमोर लाकूड असतां मोळी आणण्यास भय वाटावें, ही स्थिति सपाटीवरील लोकांस सहज कळणारी नव्हे.

शहरांतील गरिबाचा इतिहास पाहिला तर त्यांत वखारीचें लाकूड होतें, भुशाची शेगडी होती आणि घासलेट होतें. भुशाची शेगडी आजच्या विद्यार्थ्यांनीं बहुधा पाहिली नसेल. पत्र्याच्या डब्याच्या मध्यभागीं बाटली उभी धरून भोंवतीं लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरावयाचा, मग बाटली हलकेच वर काढून घ्यावयाची, आणि जें भोंक राहील त्यांत खालून पेट द्यावयाचा. साधली तर दोन वेळचा स्वयंपाक होई. न साधली तर घरभर धूर. आमच्या शेजारच्या आजी ती भरूं लागल्या म्हणजे आम्हां मुलांना जवळ उभें राहून बोलण्याचीही मनाई असे.

घासलेटाची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शिधापत्रिकेवर मिळणारें तें निळें रॉकेल संपलें तर दुकानांतून बाटलीभर आणितां येई. तेवढेही पैसे नसले तर अर्धी बाटली. मुलाच्या हातीं बाटली आणि चार नाणीं दिलीं कीं सायंकाळची चूल पेटे. सन २०१६ च्या जुलैपासून सरकारनें या रॉकेलाची किंमत टप्प्याटप्प्यानें २५-२५ पैशांनीं वाढविण्याचा क्रम धरिला, आणि २०२० च्या आरंभापर्यंत त्यावरील अनुदान संपुष्टांत आणिलें. या सुमारें चार वर्षांत भाव दुपटीहून अधिक झाला आणि पुरवठाही आटत गेला. रॉकेलाचा धूर वाईट, स्टोव्हचे भडके त्याहून वाईट. त्या दुर्घटनांच्या वार्ता आम्ही लहानपणीं पुष्कळ ऐकिल्या आहेत, आणि तें गेलें याचा शोक करण्याचें कारण नाहीं. परंतु रॉकेलाबरोबर वाटी-बाटलीनें विकत मिळणारें इंधनही गेलें, याची नोंद कोणीं केलेली दिसत नाहीं.

त्याच २०१६ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरच्या स्त्रियांच्या नांवें गॅसची जोडणी मिळूं लागली. ही योजना मोठ्या उपकाराची आहे, हें आम्ही प्रथमच सांगून ठेवितों. धुरानें काळ्या झालेल्या भिंती आम्हीं पाहिल्या आहेत, आणि ज्या घरीं निळी ज्योत आली त्या घरच्या मुलींच्या खोकल्यांत पडलेला फरकही पाहिला आहे. पण जोडणी एकदा मिळते, टाकी पुनःपुन्हा भरावी लागते. घरगुती टाकींत १४.२ किलो गॅस असतो. मुंबईस २०२० च्या उत्तरार्धांत तिची किंमत सहाशें रुपयांच्या आंत होती. मार्च २०२३ मध्यें ती अकराशेंच्या वर गेली. पुढें ऑगस्ट २०२३ मध्यें दोनशें आणि मार्च २०२४ मध्यें शंभर रुपये कमी होऊन ती आठशेंच्या आसपास आली, आणि एप्रिल २०२५ मध्यें पुनः पन्नास रुपयांनीं चढली. आमच्या वऱ्हाडांत वाहतुकीमुळें थोडे रुपये अधिकच पडतात.

आतां ही किंमत रुपयांत न मोजतां दिवसांत मोजून पाहूं. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रांत २०२२-२३ सालीं दिवसाची मजुरी २५६ रुपये होती. मार्च २०२३ ची टाकी म्हणजे एका माणसाच्या चार दिवसांहून अधिक श्रमांचें मोल. सन २०२४-२५ मध्यें मजुरी २९७ झाली व टाकी स्वस्त झाली, तरीही पावणेतीन दिवस लागलेच. ज्या घरीं महिन्याचा पगार येतो तेथें ही रक्कम दूधवाल्याच्या बिलासारखी निघून जाते. मजुराच्या घरीं पैसा रोजानें किंवा आठवड्यानें येतो, आणि ज्या दिवशीं येतो त्याच दिवशीं पीठ-मिरचींत जातो. अशा घरीं आठशें रुपये एका मुठींत सांपडावयाचे कसे?

बाळापूर तालुक्यांतील एका खेड्यांत कापूस वेचणाऱ्या एका वृद्ध बाईशीं आमचें यावर बोलणें झालें. त्यांच्या घरांत लाल टाकी होती. तिच्यावर पाण्याची कळशी ठेविली होती. आम्हीं विचारिलें, “मावशी, गॅस असतां चुलीवर कां?” त्या हंसून म्हणाल्या, “ग्यास वाईट थोडाच हाय, गुरुजी! पन मजुरी भेटते बजाराच्या दिवशी, अन् टाकी मांगते एकदम. रॉकेल कसं, बाटलीभर आनलं का काम भागे. थे टाकी काई पावशेर भरून देत नाई.” अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथांत आम्हांस ही गोष्ट इतक्या थोडक्यांत वाचावयास मिळाली नाहीं. किंमत जितकी जाचते, तितकीच ती एकरकमी मागितली जाते हें जाचतें.

सरकारी साह्याची घडणही याच ठिकाणीं उणी पडते. उज्ज्वलेच्या ग्राहकांस २०२२ च्या मेपासून टाकीमागें दोनशें व २०२३ च्या ऑक्टोबरपासून तीनशें रुपये अनुदान मिळूं लागलें. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना काढून वर्षास तीन टाक्या मोफत देऊं केल्या. दोन्ही गोष्टी चांगल्या. परंतु दोन्हींत पैसा बँकेच्या खात्यांत मागाहून जमा होतो. आधीं टाकीची पूर्ण किंमत दारांत मोजावयाची, मग साह्य यावयाचें. ज्याच्यापाशीं आधींचे आठशें नाहींत त्याला मोफत टाकीही विकतच घ्यावी लागते. देशभरच्या उज्ज्वला ग्राहकांचा सरासरी हिशेब सांगतो कीं, २०१९-२० मध्यें एका घरानें वर्षांत सुमारें तीन टाक्या घेतल्या, आणि २०२४-२५ पर्यंत तो आंकडा साडेचारच्या जवळ आला. वाढ झाली हें स्पष्ट आहे. पांच माणसांच्या घरीं सारा स्वयंपाक गॅसवर केल्यास एक टाकी महिना-सव्वा महिना चालते. म्हणजे वर्षाचे सहा-सात महिने चूल अजून पेटतेच आहे.

विजेची गोष्टही वेगळी नाहीं. अकोल्याचा मे महिना ज्यांनीं काढिला आहे त्यांस ४५ अंशांचें वर्णन नको. टिनाच्या छपराखालीं तान्हें मूल घेऊन राहणाऱ्या घरास कूलर ही चैन म्हणतां येत नाहीं. दोनशें वॅटचा कूलर दिवसास दहा तास चालला तर महिन्यास साठ युनिटें होतात. त्यांत पंखा, दिवे व टीव्ही मिळविले कीं शंभराची मर्यादा सहज ओलांडली जाते. २०२४-२५ च्या दरपत्रकांत शंभरांपुढील प्रत्येक युनिटाचा दर पहिल्या शंभरांतील युनिटाच्या जवळजवळ दुप्पट होता. आणि हें फुगलेलें बिल हातीं पडतें तें नेमकें जूनच्या तोंडीं, जेव्हां शेतांत मजुरी नसते आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उभा असतो. अकोला जिल्ह्यांत पारस येथें २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगांवपेठ येथें १३५० मेगावॅटचें औष्णिक केंद्र आहे. पारसची धुरांडीं दिसतात अशा एका घरीं आम्ही पाहुणे होतों. रात्रीं जेवणें झालीं आणि यजमानांनीं ‘आतां बोलावयास उजेड कशाला?’ म्हणून दिवा मालविला. आम्ही अंगणांत बसून धुरांड्यांवरचे लाल दिवे पाहत बोलत राहिलों.

लहान टाकी हा यावर एक उपाय आहे, आणि तो अस्तित्वांतही आहे. पांच किलोची टाकी उज्ज्वलेच्या ग्राहकास घेतां येते. बाळापूरच्या मावशींना आम्हीं ती सांगितली, तेव्हां त्यांनीं विचारिलें, “थे आनाले जायाचं कोनं? एक दिवसाची मजुरी थे आनन्यातच जाईन.” मोठी टाकी गाडीवरून दाराशीं येते, लहान टाकी लवकर संपते आणि तितक्या वेळां आणावी लागते. खेडोपाडीं किराणा दुकानांतून ती सहज बदलून मिळूं लागली, तरच तिच्यांत अर्थ आहे. दुसरा उपाय अनुदान आधींच किमतींतून वजा करण्याचा. खात्यांत परस्पर पैसे जमा करण्याची रीत गळती थांबविण्यासाठीं आली हें आम्ही जाणतों. पण चोर पकडावयासाठीं लावलेलें दार मालकिणीच्याच तोंडावर बंद व्हावें, हें कांहीं योग्य दिसत नाहीं.

आमच्या अमरावतीच्या गल्लींत मात्र बायकांनीं कोणाची वाट पाहिली नाहीं. भांडीं घासणाऱ्या व पोळ्या लाटणाऱ्या दहाजणींनीं २०२४ च्या पावसाळ्यांत गॅसची भिशी काढिली. प्रत्येकीनें आठवड्यास शंभर रुपये द्यावयाचे. हजार रुपये जमले कीं चिठ्ठी निघेल तिची टाकी. दहा आठवड्यांनीं प्रत्येकीची पाळी येते, म्हणजे वर्षास पांच टाक्या. उरलेले शें-दीडशें रुपये जिची पाळी तिनेंच ठेवावयाचे. हिशेबाची वही आमच्याकडे आणून दिली आहे, कारण दहांपैकीं सातजणींना लिहितां येत नाहीं. वहींत आतांपर्यंत दोनदां खाडाखोड झाली आहे. एकदा एकीच्या मुलास ताप आला म्हणून तिची पाळी अलीकडे घेतली. दुसऱ्यांदा, पोळ्याच्या आठवड्यांत, तिघींचे पैसे आलेच नाहींत, आणि त्या आठवड्याची टाकी पुढच्या सोमवारीं मिळाली.