अनादर कशास म्हणावें?

गेल्या वर्षीं आमच्या चिरंजीवांकडे सिंगापुरास चार महिने राहण्याचा योग आला. शेजारीं चीनहून शिक्षणासाठीं आलेला एक तरुण राहत असे. आम्हीं जन्मभर शिक्षकी केली हें कळतांच तो आम्हांस ‘लाओशी’ म्हणूं लागला. चिनी लोक गुरुजींस अशीच हाक मारतात.

एके दिवशीं तो खिन्न मुद्रेनें आला. इंग्रजी निबंधांत आपल्या जुन्या मालकाविषयीं त्यानें ‘आय डिसरिस्पेक्टेड हिम’ असें लिहिलें होतें, त्यावर शिक्षिकेनें विचारलें, “तूं त्यांचा अपमान कसा केलास?” बिचाऱ्यास म्हणावयाचें होतें तें एवढेंच कीं, त्या गृहस्थांविषयीं आपल्या मनांत आदर नव्हता.

त्यास विचारतां घोटाळा उलगडला. आदर करणें यास चिनी शब्द ‘त्सुनचुंग’. त्याच्या आधीं ‘बु’ हा नकार जोडला कीं आदर नसणें आणि अनादर करणें, हे दोन्ही अर्थ भागतात. इंग्रजींत मात्र ‘डिसरिस्पेक्ट’ हें क्रियापद कृतीचें आहे. बोलून वा वागून दुसऱ्यास कमी लेखणें असा त्याचा अर्थ. नुसता अभाव सांगावयाचा तर ‘डिड नॉट रिस्पेक्ट’ म्हणावें. आपल्या वैयाकरणांनींही नञ् चे सहा अर्थ सांगितले आहेत. त्यांत अभाव निराळा आणि विरोध निराळा. हें ऐकून त्याचा चेहरा खुलला. मग आम्हीं त्यास आणखी एक प्रयोग सांगितला. कोणाशीं मतभेद दाखवितांना इंग्रजी बोलणारे लोक आधीं ‘नो डिसरिस्पेक्ट’ म्हणतात. आपल्या बोलण्यांत अनादर नाहीं, अशी ती ग्वाही.

तो गेला, आणि आम्हांस आमचाच एक विद्यार्थी आठवला. फार वर्षांपूर्वीं आम्हीं फळ्यावर ‘गुरुः शिष्यं क्रुध्यति’ असें लिहिलें होतें. तो उठून म्हणाला, “गुरुजी, क्रुध् धातूस चतुर्थी हवी ना? शिष्याय.” त्याचें म्हणणें बरोबर होतें. आम्हीं त्यास उर्मट ठरवून तासभर वर्गाबाहेर उभें केलें, आणि मग मुकाट्यानें फळा पुसला. पुढें वर्षभर त्या मुलानें वर्गांत तोंड उघडलें नाहीं.

त्याच्या मनांत आदराचा अभाव असता, तर आमची चूक दाखविण्याची तसदी त्यानें घेतली नसती. घरांतील नातवंडें उलट बोललीं कीं आपण रागावतों. तेव्हां पोर अपमान करीत आहे कीं चूक दाखवीत आहे, एवढें आधीं पाहावें. आम्हीं तें पाहिलें नाहीं, याची खंत अजून आहे.