वारा हवा, वारा नको!

वेल्डिंग म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतं. दोन पट्ट्या, एक रॉड, आणि कुणाच्या जॉबवर कुणाचा रोल नंबर पंच झालाय यावरून झालेली भांडणं! सबमिशन संपलं की जॉब भंगारात आणि वेल्डिंग डोक्यातून बाहेर. पुढे पेपरात मिग वेल्डिंगवर एखादा प्रश्न येतो. आकृती काढायची, 'शिल्डिंग गॅस : आरगॉन, हेलियम किंवा सीओटू' असं लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. त्या 'किंवा'चं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. मला मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शोधावं लागलं.

आमचं घर सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आजीला ओसरीवरून न्हाणीघरात जाताना दोन पायऱ्या उतराव्या लागतात आणि तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. अण्णांनी ठरवलं, रेलिंग घरीच करायचं. त्यांना हौस भारी. २५ बाय २५ चा चौकोनी पाइप आणला, जाडी १.६ मिलिमीटर. एवढ्या पातळ पाइपला रॉडने शिवायचं तर हात फार तयार लागतो, नाहीतर भोक पडलंच. म्हणून सिंगल फेजवर चालणारं छोटं मिग मशीन घेतलं. मशीन आलं, टॉर्च आली, ०.८ ची वायर आली. "आता इंजिनिअरसाहेब, गॅस कुठला ते तुम्ही सांगा," असं म्हणून अण्णा मोकळे झाले.

गॅस मुळात लागतो कशाला? हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. वितळलेलं पोलाद दोन्ही पोटात घेतं आणि थिजताना बुडबुडे सोडतं. मग बीड आतून जाळीदार होते. अनारसा जाळीदार झाला तर आई खूश. वेल्ड जाळीदार झाला तर आजीचा सगळा भार त्या जाळीवर! म्हणून वितळलेल्या धातूवर गॅसचं पांघरूण घालायचं.

आता उमेदवार. पहिला आरगॉन. १८९४ साली रॅले आणि रॅमसे यांनी तो शोधला आणि ग्रीकमधल्या 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. (आमच्या विंगमध्येही दोन-तीन आरगॉन आहेत.) कुणाशीच रिॲक्ट न होणारा हा गडी ॲल्युमिनियमला उत्तम. पण साध्या पोलादावर शुद्ध आरगॉन वापरला तर आर्क भरकटतो, बीड नीट पसरत नाही आणि कडेला चर पडते.

दुसरा सीओटू. हा आळशी नाही. आर्कच्या उष्णतेत तो फुटतो, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन देतो. म्हणून काटेकोर बोलायचं तर हे मिग नव्हेच, मॅग. सुटलेल्या ऑक्सिजनला धरायला वायरमध्येच मँगनीज आणि सिलिकॉन घातलेलं असतं. सीओटू खोल शिरतो, स्वस्त पडतो, पण छर्रे फार उडवतो. १९४८ मध्ये अमेरिकेत मिग आलं तेव्हा महागडे इनर्ट गॅस वापरावे लागत. १९५३ मध्ये ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव या सोव्हिएत संशोधकांनी पोलादासाठी सीओटू वापरून दाखवला आणि ही पद्धत सामान्य कारखान्यांच्या आवाक्यात आली. आपल्याकडे शॉपमध्ये अजून या वेल्डिंगलाच 'सीओटू' म्हणतात.

तिसरा दोघांचं मिश्रण : आरगॉन ७५ ते ८२ टक्के, उरलेला सीओटू. आर्क शांत, छर्रे कमी, बीड देखणी.

सुट्टीआधी वर्कशॉपच्या मामांना गाठलं. त्यांनी त्याच पाइपचे दोन जोड करू दिले, एक मिक्सवर, एक सीओटूवर. मिक्सचा जोड फोटो काढण्यासारखा. सीओटूचा खडबडीत, आजूबाजूला छर्ऱ्यांची रांगोळी. मग दोन्ही व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवले. पाइप वाकला, जोड एकही सुटला नाही. मामा म्हणाले, "अरे, जोड धरतो का ते बघ. ग्राइंडर मारून रंग दिल्यावर कोण विचारतंय?"

तरी माझं मन मिक्सकडे. मग हिशोब मांडला. १० लिटरच्या सिलिंडरमध्ये मिक्स १५० बारला भरला तर साधारण १५०० लिटर गॅस मिळतो. मिनिटाला १० लिटर धरले तर अडीच तास. सीओटू मात्र दाबाखाली द्रव होऊन बसतो. तेवढ्याच सिलिंडरमध्ये सहा किलो धरला, किलोला सुमारे ५५० लिटर, म्हणजे ३३०० लिटर. साडेपाच तास! शिवाय सीओटू गावात भरून मिळत होता, मिक्ससाठी सोलापूर गाठावं लागलं असतं, आणि सिलिंडर घेऊन एसटीत काही चढता येत नाही.

सीओटूची एक गंमत : आत द्रव शिल्लक असेपर्यंत गेजचा काटा जवळजवळ हलत नाही. शिल्लक कळायला सिलिंडर वजनावर ठेवायचा. पण ३१ अंशांच्या वर सीओटूचा द्रव राहतच नाही. थर्मोत घोकलेला क्रिटिकल पॉइंट आमच्या मे महिन्यात रोजच ओलांडला जातो! दाबही वाढतो. म्हणून सिलिंडर सावलीत, उभा आणि साखळीने बांधलेलाच हवा.

इथपर्यंत सगळं पेपरासारखं चाललं होतं. अडलं ते जागेवर. अंगणात वारा, आणि ताशी आठेक किलोमीटरचा वारासुद्धा गॅसचं पांघरूण उडवायला पुरतो. फ्लो वाढवून भागत नाही. फार वाढवला तर गॅस घुसळतो आणि हवेलाच आत ओढतो. अण्णा म्हणाले, "मागच्या खोलीत करू. दार लावलं की वारा नाही." मागची खोली म्हणजे आजीच्या खाटेशेजारची.

मग मी दुसरा हिशोब केला. दहा बाय दहाची खोली, उंची नऊ फूट, म्हणजे साधारण २५ घनमीटर. रात्री रेग्युलेटर गळत राहिला आणि सिलिंडर रिकामा झाला तर ३.३ घनमीटर सीओटू. १३ टक्के! १० टक्क्यांतच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका खाटेच्या उंचीला. मिक्स आणला म्हणून सुटका नाही. आरगॉनही हवेहून जड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यात गुदमरताना धापसुद्धा लागत नाही.

हे आकडे वहीच्या पाठीमागे लिहून अण्णांना दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सिलिंडर अंगणातच राहील." आजीला टक्केवारी काही कळली नाही, पण तिने एकच विचारलं, "बाळा, मग तू तिथं बसून काम करणार ते?"

गॅसला वारा नको आणि माणसाला वारा हवा, खरा पेच हा! शेवटी काम पडवीत केलं. वाऱ्याच्या बाजूला कमरेएवढा प्लायचा आडोसा, बाकी दोन बाजू उघड्या, वेळ सकाळची, वारा उठायच्या आत. सिलिंडर अंगणात निंबाच्या सावलीत खांबाला बांधलेला, काम थांबलं की मुख्य व्हॉल्व्ह बंद. गॅस सीओटू. अंगणातच बसावं लागलं असतं तर मी गॅस घेतलाच नसता. मशीनची पोलॅरिटी बदलून बिनगॅसची फ्लक्सवाली वायर लावली असती. धूर आणि स्लॅग जास्त, पण वाऱ्याची पर्वा नाही.

तेव्हा मित्रहो, घरी मिग करायचं मनात असेल तर पातळ पोलादाला सीओटू चालतो, मिक्स मिळाला तर काम सुबक होतं, आणि ॲल्युमिनियमला शुद्ध आरगॉनच लागतो. फायर एक्स्टिंग्विशरचा सिलिंडर मात्र जोडू नका. त्यात तळापर्यंत नळी असते आणि ती गॅसऐवजी द्रव सोडते. पण हे सगळं नंतरचं. आधी ठरवा, सिलिंडर रात्री कुठे राहणार आणि त्याच्या शेजारी कोण झोपणार. गॅस कोणता, ते मग.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)